जुनं ओबीएम घेताय? मीठ कुठवर शिरलंय ते आधी बघा

पहिलं जुनं ओबीएम, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन (आउटबोर्ड मोटर), मी मे महिन्याच्या शेवटी घेतलं. 15 हॉर्सपॉवरचं, रंग नवाकोरा, झाकणावरचे स्टिकरसुद्धा ताजे. विकणाऱ्याने दोरी ओढली आणि पहिल्याच ओढीला ते सुरू झालं. मी पैसे मोजून दिले. सप्टेंबरात कर्ली खाडीच्या मुखाशी, ओहोटीची ओढ लागलेली असताना, गिअर सुटला तो सुटलाच. वर इंजिन भणभणत होतं आणि खाली पंखा जागच्या जागी. सोबत धाकटा भाऊ होता. होडीत दोन वल्ही आणि नांगर होता, म्हणून देवबागच्या बाजूला वाळूला लागलो. घरी आणून खालचा पाय खोलला, तर आतलं तेल दूध घातलेल्या कॉफीसारखं झालेलं आणि गिअरचे दात गंजून झिजलेले. मे महिन्यात तळाचा एक स्क्रू दोन फेरे ढिला करून बघितला असता तर हे सगळं तेव्हाच दिसलं असतं.

त्यानंतर मी स्वतःसाठी आणि ओळखीपाळखीच्यांसाठी बरीच जुनी मशीनं पारखली. पहिल्यांदाच घेणाऱ्याला नेमकं काय, कुठे आणि कुठल्या क्रमाने बघायचं ते इथे लिहितोय. आमच्या मालवण-वेंगुर्ल्याकडे याला कुणी मशीन म्हणतं, कुणी ओबीएम, कुणी नुसतंच इंजिन. मीही तिन्ही शब्द वापरणार आहे. पाय म्हणजे पाण्यात बुडणारा खालचा भाग, ज्याच्या तळाला गिअर असतात आणि मागे पंखा.

जुनी मोटारसायकल घेताना आपण किती किलोमीटर पळाली ते बघतो. छोट्या ओबीएमला तसला मीटर नसतो, आणि असता तरी त्याचा भरवसा धरता आला नसता, कारण या मशीनला खातं ते मीठ. रोज चालून रोज गोड्या पाण्याने धुतलेलं दहा वर्षांचं मशीन ठणठणीत असतं. चार तास चालवून, न धुता तीन पावसाळे पडवीत टांगून ठेवलेलं मशीन आतून संपलेलं असतं. म्हणून पुढची सगळी तपासणी एकाच प्रश्नाभोवती फिरते: खारं पाणी कुठवर पोचलंय?

आधी स्वतःची होडी मोजा

मशीन बघायला जाण्यापूर्वी टेप घेऊन होडीकडे जा. होडीच्या मागच्या ज्या फळीवर मशीन बसणार, तिची वरच्या काठापासून तळापर्यंतची उभी उंची मोजा. ओबीएम शॉर्ट आणि लाँग अशा दोन लांबीत येतात, शॉर्ट साधारण 15 इंच फळीसाठी आणि लाँग साधारण 20 इंचांसाठी. 25 इंचांचीही असतात, पण छोट्या होडीला ती लागत नाहीत. मशीन लावल्यावर पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी. लाँगच्या फळीवर शॉर्ट मशीन बसवलं की लाटेवर पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि होडी पुढे सरकत नाही. शॉर्टच्या फळीवर लाँग लावलं तर पाय नको तितका खोल जातो, पेट्रोल जास्त जळतं आणि खाडीतल्या प्रत्येक वाळूच्या पट्ट्याला तो टेकतो. स्वस्तात मिळतंय म्हणून चुकीच्या लांबीचं मशीन घेऊन मग फळी कापणारे किंवा वर लाकूड ठोकणारे मी पाहिलेत. तसं करू नका. फळीवर मशीनचं सगळं वजन आणि सगळा जोर येतो.

ताकद किती हवी? जड, लांबट लाकडी होडी पाणी कापत चालते, ती पाण्यावर चढत नाही. तिचा वेग लांबीने ठरतो. पाण्यातली लांबी 20 फूट असेल तर साधारण 6 नॉटच्या पुढे ती जोर लावूनही फारशी जात नाही. तिला 8 किंवा 9.9 हॉर्सपॉवर पुरतं आणि वरचं पेट्रोल नुसता फेस काढण्यात जातं. हलक्या फायबरच्या पातीचं (होडीचाच एक प्रकार) वेगळं आहे. ती पाण्यावर चढते, म्हणून तिला 15, 25, मोठी असेल तर 40 लावतात. होडी बांधणाऱ्याला विचारा, फळी किती वजन आणि किती जोर सोसेल ते. त्याने सांगितलं त्यापेक्षा मोठं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

पेट्रोलचाही हिशोब आताच करा. टू-स्ट्रोक मशीन पूर्ण थ्रॉटलला दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण 0.4 लिटर पितं. म्हणजे 15 चं मशीन तासाला 6 लिटरच्या आसपास आणि 40 चं 16 लिटर. रोजचा फेरा किती तासांचा आहे ते तुम्हाला माहीत आहे. हा गुणाकार केल्यावर पुष्कळ जण 40 वरून 25 वर येतात.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक

कोकणात जुन्या बाजारात सर्वात जास्त दिसतात ती टू-स्ट्रोक, त्यातही यामाहाची एन्ड्युरो मालिका. कारणं साधी आहेत. हलकं असतं, गावातल्या मेकॅनिकला उघडता येतं, सुटे भाग मिळतात. 15 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक 36-37 किलोचं, दोघांनी उचलून वाळूवरून घरी नेता येतं. तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक 50 किलोच्या वर जातं. फोर-स्ट्रोक पेट्रोल कमी पितं, आवाज कमी, धूर जवळजवळ नाही. पण ते आडवं ठेवताना ठरावीक बाजूवरच ठेवावं लागतं, नाहीतर तेल सिलेंडरमध्ये उतरतं. रोज काढून घरी न्यायचं असेल आणि जवळचा मेकॅनिक टू-स्ट्रोकवालाच असेल, तर पहिलं मशीन टू-स्ट्रोक घ्या असं मी सांगेन. खाडीत पर्यटक फिरवायचे असतील तर फोर-स्ट्रोकचा शांतपणा त्याचे पैसे वसूल करून देतो.

केरोसीनवर चालणारी मशीनंही बाजारात असतात. केरळात ती भरपूर वापरली जातात. ती सुरू पेट्रोलवर करायची, मग केरोसीनवर घ्यायची आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणायची. यामाहामध्ये मॉडेलच्या सुरुवातीला ई नंतर के अक्षर असेल तर ते केरोसीनचं. विकणारा कधी कधी हे सांगत नाही, कधी त्यालाच माहीत नसतं. नियमित केरोसीन मिळण्याची सोय नसेल तर ते घेऊ नका.

मॉडेलची पट्टी मशीन होडीला पकडणाऱ्या कमानीवर असते. ती वाचायला शिकून घ्या. यामाहाच्या ई15डीएमएचएल अशा नावात ई म्हणजे एन्ड्युरो, 15 म्हणजे ताकद, एम म्हणजे दोरीने सुरू होणारं, एच म्हणजे हाताच्या दांड्याने वळवायचं आणि शेवटचा एल म्हणजे लाँग. तिथे एस असेल तर शॉर्ट. पट्टी उपटलेली असेल, नंबर घासलेला असेल, तर बोलणं तिथेच थांबवा. चोरीचं मशीन गळ्यात पडलं तर पैसेही जातात आणि पोलीस ठाण्याचे खेटेही घालावे लागतात.

कधी घ्यायचं

1 जूनला मासेमारी बंदी सुरू होते आणि त्याच्या आसपासच प्रवासी होड्या व जलक्रीडाही पावसाळ्यापुरत्या थांबतात. मेच्या अखेरीस होड्या वर ओढल्या जातात आणि ज्याला मशीन बदलायचंय तो त्याच सुमारास विकायला काढतो. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर मात्र सगळ्यांना एकदम मशीन हवं असतं आणि विकणारा भाव सोडत नाही. म्हणून मे चांगला, पण एका अटीवर: मशीन समुद्रात किंवा खाडीत चालवून बघता आलं पाहिजे. पाऊस लागल्यावर जुलैत कुणी पडवीत टांगलेलं मशीन दाखवून “हंगामात एकदम पळत होता” म्हणालं, तर टोकनसुद्धा देऊ नका.

जलक्रीडेतून आलेल्या मशीनला लोक घाबरतात, खूप चाललंय म्हणून. माझा अनुभव उलटा आहे. रोज पोट भरणाऱ्या मशीनची निगाही रोज होते. मला भीती वाटते ती हौसेने घेऊन विसरलेल्या मशीनची.

बघायला जाताना काय न्यावं

प्लगचा पाना, मोठा सपाट स्क्रूड्रायव्हर, पक्कड, टॉर्च, पांढरी वाटी किंवा कापलेली पाण्याची बाटली, लोहचुंबकाचा तुकडा, जुना सुती कपडा. कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलेंडरमधला दाब मोजायचं साधन, मिळालं तर फारच उत्तम. 14 मिलिमीटर आट्याचं गेज बहुतेक टू-स्ट्रोक ओबीएमला चालतं. आणि शक्य असेल तर असा एक माणूस न्या ज्याला ते मशीन विकत घ्यायचं नाहीये. घेणाऱ्याच्या डोळ्यांत आधीच होडी पळू लागलेली असते.

फोन करताना विकणाऱ्याला स्पष्ट सांगा: मी येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर पहिलं काम, झाकण काढून इंजिनच्या डोक्याला हात लावायचा. ज्यांच्याकडून मी शिकलो ते आमच्या गावातले मेकॅनिक काका नेहमी म्हणायचे, “मशीन थंड आसा काय तां बघ आदी.” गरम मशीन कुठलंही सुरू होतं. थंड मशीन तीन-चार ओढींत सुरू झालं तर त्याचं कॉम्प्रेशन, कार्बोरेटर आणि स्पार्क तिन्ही जागेवर आहेत असं समजायला हरकत नाही.

सुरू न करता बघायच्या गोष्टी

कमानीचे आवळायचे दोन्ही स्क्रू हाताने फिरतात का? मशीन वर उचलून अडकवता येतं का, डावीकडे-उजवीकडे मऊ वळतं का? ॲल्युमिनियममध्ये स्टीलचे बोल्ट आणि भोवती खारं पाणी, हे तिन्ही एकत्र आले की ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन जातं आणि बोल्ट जाम होतो. जाम झालेला बोल्ट काढताना तुटतो, तुटलेला काढायला ड्रिल लागतं आणि दोन तासांचं काम दोन दिवसांचं होतं. म्हणून बोल्टांची डोकी बघा. घासलेली, छिन्नीने ठोकलेली, वेल्डिंग लागलेली डोकी म्हणजे इथे कुणीतरी आधी झगडून गेलंय. का झगडलं ते विचारा.

ताजा रंग हे माझ्यासाठी धोक्याचं चिन्ह आहे. जुन्या मशीनचा रंग उडणारच. नवा रंग असेल तर नखाने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पायावर हलकं टोकरून बघा. रंगाखाली पुटिंग किंवा पांढरी पूड निघाली की समजा.

पायावर जस्ताची एक वडी असते. समुद्राचं पाणी आधी तिला खातं, म्हणून बाकीचा धातू वाचतो. ती अर्धी झिजलेली असेल तर चांगलं, तिने काम केलंय आणि मालकाने ती जागेवर ठेवलीय. वडी गायब असेल, किंवा अखंड असून तिच्यावर रंग फासलेला असेल, तर मीठ थेट पायाला लागत होतं. जस्तावर रंग मारणारा माणूस बाकी मशीनची कशी काळजी घेत असेल, याचाही अंदाज येतो.

झाकणाखाली टॉर्च मारा. वायरच्या टोकांना हिरवा गंज, कोपऱ्यांत मिठाचे खडे, इंजिनच्या डोक्यावरच्या चक्राखाली (फ्लायव्हीलखाली) बारीक वाळू किंवा गाळ दिसला तर मशीन कधीतरी बुडालेलं असण्याची शक्यता मोठी. सरळ विचारा: मशीन बुडालं होतं का, आणि बुडाल्यावर किती तासांत सुरू केलं? बाहेर काढून लगेच गोड्या पाण्याने धुऊन, प्लग काढून पाणी उपसून, तेल घालून त्याच दिवशी चालवलं असेल तर ते वाचतं. रात्रभर तसंच राहिलं असेल तर आतल्या बेअरिंगांवर गंजाचे खड्डे पडतात. असं मशीन महिना-दोन महिने चालतं आणि मग एक दिवस जाम होतं. चक्र दोन्ही हातांनी धरून वर-खाली, आडवं हलवून बघा. जरासुद्धा खेळ जाणवला तर क्रँकचं बेअरिंग गेलंय आणि ते काम महाग आहे.

आता प्लग काढा आणि कुठल्या सिलेंडरचा कुठला ते लक्षात ठेवा. दोन्ही एकसारखे तपकिरी हवेत. काळा आणि ओला म्हणजे तेल जास्त किंवा स्पार्क कमकुवत. पांढरा कोरडा म्हणजे मशीन गरम चालतंय. एक तपकिरी आणि दुसरा धुतल्यासारखा लख्ख असेल तर त्या सिलेंडरात पाणी जातंय, म्हणजे हेडचं गॅस्केट गेलंय.

प्लग बाहेर असतानाच कॉम्प्रेशन बघून घ्या. थांबवायची सुरक्षा दोरी काढून ठेवा, प्लगच्या वायरी इंजिनच्या धातूला टेकवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेज लावून पाच-सहा जोरदार ओढी द्या. निरोगी छोटं टू-स्ट्रोक साधारण 100 पीएसआयच्या आसपास किंवा वर दाखवतं, केरोसीनचं त्याहून कमी. पण आकड्यापेक्षा दोन सिलेंडरांतला फरक महत्त्वाचा. तो 10 टक्क्यांच्या वर गेला तर कमी असलेल्या बाजूची रिंग किंवा भिंत झिजली आहे. गेज नसेल तर प्लग बसवून दोरी सावकाश ओढा. प्रत्येक सिलेंडरला एकसारखा अडथळा हाताला लागायला हवा.

तो तळाचा स्क्रू

पायाच्या तळाला एक मोठा सपाट खाचेचा स्क्रू असतो आणि त्याच्या वर दुसरा. मशीन उभं ठेवा, वरचा तसाच बंद राहू द्या. खालचा हळूहळू ढिला करा आणि खाली पांढरी वाटी धरा. वरचा बंद असल्यामुळे तेल धो-धो येत नाही, चमचाभर येतं. तेवढं पुरतं.

मशीन रात्रभर उभं असेल आणि आत पाणी असेल तर तेलाआधी पाण्याचे थेंब येतात, कारण पाणी जड, ते तळाला बसतं. नुकतंच चालवलेलं असेल तर तेल आणि पाणी घुसळून दुधाळ झालेलं दिसेल. दोन्हीचा अर्थ एकच: पंख्याच्या किंवा वरच्या दांड्याचं सील गेलंय आणि खारं पाणी गिअरात पोचलंय. किती दिवसांपासून, हे खोलल्याशिवाय कळत नाही. काळं तेल चालेल, ते नुसतं जुनं आहे. स्क्रूच्या टोकाला राखाडी चिकट लेप असेल तर तोही चालतो, ती नेहमीची झीज. चुंबकाला बोटाला टोचतील असे कण लागले तर दात तुटतायत.

तेल अगदी नवं, सोनेरी, पारदर्शक निघालं तर? तेही विचारण्यासारखं आहे. मालक नियमाने बदलत असेल, किंवा तुम्ही येणार म्हणून कालच दुधाळ तेल काढून नवं भरलं असेल. माझ्या पहिल्या मशीनच्या बाबतीत काय झालं होतं ते मला कधीच कळणार नाही. पण आता मी समुद्रावर चालवून आणल्यावर तोच स्क्रू दुसऱ्यांदा उघडतो. सील गेलेलं असेल तर तासाभराच्या फेरीत नवं तेलही धुरकट दिसायला लागतं.

विकणारा स्क्रू उघडू देत नसेल तर घरी परत या. या बाबतीत मी कुणाचीही भीड धरत नाही.

त्यानंतर पंखा काढा. खिळ काढून नट सोडला की तो निघतो. आत दांड्याभोवती तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, गुंडाळलेला सापडतो का बघा. जाळ्याचा किंवा गळाचा तंगूस पंख्यामागे शिरून सील कापतो. आमच्याकडे पाणी शिरण्याचं हे सर्वात मोठं कारण. मग पंख्याचा दांडा सरळ आहे का ते बघा: मशीन न्यूट्रलमध्ये ठेवून त्याच्या टोकाजवळ एक खिळा स्थिर धरा आणि दांडा हाताने फिरवा. टोक खिळ्यापासून एकदा जवळ, एकदा दूर जात असेल तर दांडा वाकलाय. खडकावर आपटल्याची ती खूण.

पिंपात चालवणं

200 लिटरचं पिंप गोड्या पाण्याने भरा. पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्याही वर यायला हवं. कोरडं मशीन एक मिनिटसुद्धा चालवू नका आणि विकणाऱ्यालाही चालवू देऊ नका, पाण्याच्या पंपाचं रबरी इंपेलर त्यात जळतं.

पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबत जा. तो कडक झाला पाहिजे. दाबतच राहिलात तरी मऊच राहिला तर कुठेतरी हवा शिरतेय. सुरू झाल्यावर मागच्या बाजूने पाण्याची पिचकारी काही सेकंदांत बाहेर यायला हवी, सलग आणि जोमदार. पाच मिनिटांनी त्या पाण्याखाली हात धरा. कोमट असावं. चटका बसत असेल तर आतले पाण्याचे मार्ग मिठाने बुजले आहेत किंवा इंपेलर थकलाय. इंपेलर बदलणं स्वस्त. बुजलेले मार्ग साफ करायला डोकं उघडावं लागतं आणि तिथे पुन्हा ते जाम बोल्ट. पिचकारी बारीक असेल तर आधी भोकात बारीक तार घालून बघा, कधी कधी नुसता चिखल अडकलेला असतो.

संथ चालीवर इंजिन स्थिर राहतं का, पुढचा-मागचा गिअर खट्कन पडतो का, सुरक्षा दोरी ओढली की लगेच बंद पडतं का, एवढं पिंपात बघा. पूर्ण थ्रॉटल पिंपात देऊ नका.

होडीवर

खरी परीक्षा वजनाखाली असते. भरतीच्या वेळी, वारा कमी असताना, खाडीच्या आत जा. दोन-तीन माणसं बसवा. लाइफ जॅकेट, वल्ही, नांगर आणि चार्ज केलेला फोन घेतल्याशिवाय दुसऱ्याच्या जुन्या मशीनवर कुणीही जायचं नाही, मग ते तीनशे मीटर का असेना.

दहा मिनिटं पूर्ण थ्रॉटल द्या. इथे गिअर सुटून खाडखाड करायला लागला तर गिअरचे पकडणारे दात गोल झाले आहेत. इंजिनचा आवाज वाढतो पण होडी तितकी पुढे जात नाही, असं झालं तर पंख्याच्या आतलं रबर फिरतंय. ते त्यामानाने किरकोळ. जोर कमी होत गेला आणि फुगा दाबल्यावर परत आला तर पेट्रोलचा पंप किंवा नळी. चोक ओढल्यावर परत आला तर कार्बोरेटर कचऱ्याने अर्धा बुजलाय. ही दोन्ही कामं गावात होतात आणि भाव कमी करायला उपयोगी पडतात. जोर कमी होत गेला आणि पिचकारीची वाफ व्हायला लागली तर तिथेच बंद करा आणि वल्ही काढा.

मग मशीन बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि गरम असताना पुन्हा सुरू करा. स्पार्क देणारी कॉइल किंवा सीडीआय (स्पार्कचं इलेक्ट्रॉनिक खोकं) कमकुवत असेल तर थंड मशीन छान सुरू होतं आणि गरम झालं की रुसतं. मासे काढायला थांबलात आणि परत सुरूच होईना, याचं मूळ बहुधा तिथे असतं.

भाव आणि कागद

घरून निघतानाच डीलरला फोन करून त्याच मॉडेलच्या नव्या मशीनची आजची किंमत आणि इंपेलर संच, सील संच, थर्मोस्टॅट, पंखा यांचे भाव विचारून वहीत लिहा. तपासणीत जे जे निघालं त्याच्यासमोर भागाची किंमत आणि मजुरी मांडा. ती वही विकणाऱ्यासमोर ठेवली की घासाघीस करावी लागत नाही, आकडे त्यालाही दिसतात. इंपेलर, प्लग, कार्बोरेटर, दोरी या कारणांनी मशीन नाकारू नका, भाव कमी करून घ्या. दुधाळ तेल, क्रँकचा खेळ, सिलेंडरांतला मोठा फरक यांपैकी एक जरी असेल तर मी भाव विचारतच नाही. सुट्या भागांसाठीच घ्यायचं असेल तर गोष्ट वेगळी.

मूळ बिल मागा आणि त्यावरचा नंबर पट्टीवरच्या नंबराशी अक्षर न अक्षर जुळवा. शासकीय अनुदानावर किंवा कर्जावर घेतलेलं मशीन असेल तर विकायला परवानगी आहे का, कर्ज फिटल्याचं पत्र आहे का, ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. विक्रीचा साधा करार करा, त्यात इंजिन नंबर, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या. मासेमारीची नोंदणीकृत होडी असेल तर इंजिन बदलल्याची नोंद मत्स्यव्यवसाय खात्याकडे करून घ्या. प्रवासी होडी असेल तर मेरिटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात. अपघात झाला आणि कागदावर जुनाच नंबर असला तर विम्याचं काम अडकतं.

घरी आणल्यावर पहिला आठवडा

सगळं ठीक निघालं तरी इंपेलर, पायातलं तेल, दोन्ही स्क्रूंचे वॉशर, प्लग आणि पेट्रोलचा फिल्टर बदला. आधीच्या मालकाने कधी बदललं याच्या अंदाजावर समुद्रात जाऊ नये. टू-स्ट्रोकला तेल ओबीएमचंच, टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलं. मोटारसायकलचं टू-टी नको, हवेने आणि पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांची तेलं वेगळी असतात. मॅन्युअलमध्ये 50 ला 1 असेल तर 10 लिटर पेट्रोलला 200 मिलिलिटर, मापाने, अंदाजाने ओतून नव्हे.

आता पंपावर 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि समुद्रावरच्या हवेला ओलाव्याची काय कमी. पाणी जास्त झालं की ते टाकीच्या तळाला वेगळं होऊन बसतं आणि नळी नेमकी तिथूनच ओढते. शिवाय जुन्या नळ्या आणि रबरी पडदे त्याने फुगतात, चिरतात. म्हणून जुन्या मशीनच्या सगळ्या नळ्या बदलून इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच पेट्रोल भरा.

दर फेरीनंतर पिंपात गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवा. शेवटी पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटरमधलं पेट्रोल जळू द्या, म्हणजे आत चिकट राळ बसत नाही. पावसाळ्यात वर ठेवण्यापूर्वी पायातलं तेल मे महिन्यातच बदला, ऑगस्टवर ढकलू नका. आत थोडं पाणी शिरलेलं असेल तर तीन महिने ते गिअरावर बसून राहतं. प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडून दोरी सावकाश दोनदा ओढा, आणि मशीन लाकडी घोडीवर उभंच ठेवा, म्हणजे इंजिन थंड करणारं पाणी निथळून जाईल. वरून प्लास्टिक गुंडाळू नका, त्याच्याखाली दमटपणा कोंडतो. जुनी सुती चादर टाका, आणि महिन्यातून एकदा दोरी हळूच ओढून बघा, चक्र मोकळं फिरतंय ना.